चौथ्यावरच चालतो

नवरात्र सरता सरता पाऊस पाठ फिरवतो आणि मुंबईच्या उपनगरांवर ऑक्टोबरचं ऊन उतरतं. चार महिने ओल्या काचा पुसण्यात गेलेले गाड्यांचे एसी आता खऱ्या कामाला लागतात. याच दिवसांत अंधेरीच्या साकीनाक्यापासून बोरिवलीच्या शिंपोलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत एलबीएस मार्गावरच्या गॅरेजांत एक तक्रार ठरलेली असते. पंखा एकवर चालत नाही, दोनवर नाही, तीनवरही नाही. चारवर टाकला की मात्र भसकन सुरू होतो. ‘फक्त चौथ्यावरच चालतो’ एवढं ऐकलं की जाणता मेकॅनिक बॉनेट उघडायच्या भानगडीत पडत नाही. तो डावीकडचा पुढचा दरवाजा उघडतो आणि ग्लोव्ह बॉक्सखाली डोकं घालतो.

तिथे पंख्याच्या डब्याला दोन स्क्रूंनी बसवलेला एक छोटा भाग असतो. बिलावर त्याचं नाव ‘ब्लोअर रेझिस्टर’, गॅरेजच्या बोलण्यात ‘रेझिस्टन्स’. जुना काढला, नवा लावला, वायरींचा कपलर खटकन बसवला, की चारही पायऱ्या चालू. काहीशे रुपयांचा माल, त्यावर मजुरी, आणि गिऱ्हाईक खूश. इथपर्यंत गोष्ट फार सोपी आहे. पुढच्या पावसाळ्यानंतर तीच गाडी तीच तक्रार घेऊन परत येते, तेव्हा ती अवघड होते. मग मालक म्हणतो माल डुप्लिकेट होता, मेकॅनिक म्हणतो कंपनीचाच टाकला होता, आणि दोघंही बहुधा खरं बोलत असतात. कारण हा रेझिस्टर आपल्या मरणानं क्वचितच मरतो. त्याला मारणारा दुसराच कुणीतरी त्याच डब्यात किंवा त्याच्या वरच्या जाळीत लपलेला असतो. त्याला न शोधता केलेली दुरुस्ती ही नुसती अदलाबदल ठरते.

थंडी नसलेल्या शहरातला हीटर

हा भाग मुळात हीटरच्या घराण्यातला. थंड देशांत गाडी म्हटली की आधी हीटर आला आणि एसी फार नंतर. पॅकार्ड या अमेरिकन कंपनीनं १९४० च्या मॉडेलांसाठी कारखान्यातूनच बसवलेला एसी देऊ केला, तेव्हा त्यानं डिकीचा मोठा हिस्सा व्यापला होता. कॉम्प्रेसर सोडवण्यासाठी त्यात क्लच नव्हता. थंडीच्या मोसमात एसी बंद ठेवायचा तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून पट्टाच काढून ठेवावा लागे. पुढे हीटर आणि एसी एकाच डब्यात नांदू लागले. आज आपल्या गाडीच्या डॅशबोर्डमागे तोच डबा आहे. त्यात एक पंखा, एक थंड कॉइल आणि एक गरम कॉइल. गरम कॉइलवरून किती हवा न्यायची ते ठरवणारी झडप निळ्या-लाल खुणांच्या बटणानं फिरते. पंखा एकच, त्यामुळे त्याचा वेग ठरवणारा रेझिस्टरही एकच.

मुंबईकराला यातली गरम बाजू जवळपास ठाऊकच नसते. सांताक्रूझ वेधशाळेनं नोंदलेलं मुंबईचं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे आणि ते २२ जानेवारी १९६२ चं. त्यानंतरच्या सहा दशकांत उपनगरातल्या माणसानं हीटर लावला असेल तर नाशिक-महाबळेश्वरच्या वाटेवर. दुसरा प्रसंग म्हणजे घाटात इंजिन तापून काटा लाल रेघेकडे सरकतो तेव्हाचा. अशा वेळी जुने ड्रायव्हर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा पूर्ण वेगात टाकतात. हीटरची कॉइल हा इंजिनाच्या पाण्याचा दुसरा, छोटा रेडिएटरच असतो. गाडीत भट्टी पेटते, पण इंजिनाची थोडी उष्णता तरी तिथून बाहेर पडते.

एरवी आपल्याकडे हा पंखा म्हणजे एसीच. आणि एसी ही उपनगरात तशी अलीकडची सवय आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडल्या. त्यांच्या दारांना तिकोनी काच होती. ती तिरकी केली की वारा थेट तोंडावर यायचा, हाच त्या काळचा वेगनियंत्रक. काळ्या-पिवळ्या पद्मिनीत डॅशबोर्डवर चिकटवलेला प्लॅस्टिकचा छोटा पंखा ही ड्रायव्हरची हौस होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यानं ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली. आता एमएच-०२, एमएच-०३ किंवा एमएच-४७ ची पाटी लावून फिरणारी बिनएसीची मोटार दिसणं दुर्मीळ. टॅक्सीच्या धंद्यात तर थंड हवेला सरकारमान्य भाव आहे. १ फेब्रुवारी २०२५ पासून साध्या टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये झालं आणि कूल कॅबचं ४८. त्या फरकातलं बरंचसं काम पंखा करतो. तो नुसता चौथ्यावर घोंघावत असेल तर मागे बसलेला प्रवासी कानावर हात ठेवतो, फोनवर बोलणं थांबवतो आणि शेवटी म्हणतो, ‘बंद करा हो तो.’

साडेसहा व्होल्टचं काय होतं

रेझिस्टर का जळतो हे कळायला तो काय करतो ते आधी पाहिलं पाहिजे. पंख्याची मोटर बॅटरीच्या १२ व्होल्टवर चालते. इंजिन सुरू असताना तिला १३ च्या आसपास मिळतात. मोटरला पूर्ण व्होल्टेज दिलं की पूर्ण वेग. वेग कमी करायचा तर व्होल्टेज कमी करायचं. त्याची सर्वांत जुनी आणि स्वस्त युक्ती म्हणजे वाटेत अडथळा घालायचा. जाड तारेच्या दोन-तीन गुंडाळ्या एकापुढे एक जोडायच्या. पहिल्या पायरीला वीज सगळ्या गुंडाळ्यांतून जाते, दुसरीला त्यातली एक वगळली जाते, तिसरीला आणखी एक. चौथ्या पायरीला रेझिस्टर पूर्ण टाळून वीज सरळ मोटरला मिळते. म्हणूनच रेझिस्टर जळला तरी चौथी पायरी जिवंत राहते. ‘चौथ्यावरच चालतो’ या एका वाक्यात निम्मं निदान झालेलं असतं ते असं.

आता आकडे मांडू. समजा पूर्ण वेगात मोटर १८ अँपिअर वीज घेते. १३ व्होल्ट गुणिले १८ म्हणजे २३४ वॅट. पंख्याचा वेग अर्धा केला तर हवा ढकलायला लागणारी शक्ती अर्धी होत नाही, ती आठव्या हिश्शावर येते. म्हणजे फक्त २९ वॅट. ढोबळमानानं तेव्हा मोटर साडेचार अँपिअर घेते आणि तिला साडेसहा व्होल्ट पुरतात. उरलेले साडेसहा व्होल्ट रेझिस्टरवर पडतात, आणि तिथेही तेवढेच २९ वॅट नुसते उष्णतेत जातात. अर्ध्या वेगाला जितकी वीज पंखा फिरवते तितकीच तार तापवते. हेच गणित पुढे नेलं तर गंमत दिसते. रेझिस्टर सर्वांत जास्त तापतो तो सर्वांत कमी वेगाला नाही, तर पूर्ण वेगाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. तिथे सुमारे ८ अँपिअर वीज वाहते आणि तारेवर ३५ वॅट पडतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातल्या सोल्डरिंग आयर्नइतकी ही उष्णता, आणि तीही डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमध्ये! बहुतेक लोकांचा पंखा दिवसभर ज्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर असतो, तिथेच रेझिस्टरचे सर्वांत जास्त हाल होतात.

ओमचा नियम १८२७ पासून आणि तारेतल्या उष्णतेचा जूलचा नियम १८४१ पासून छापील स्वरूपात आहे. त्यामुळे गाडी बनवणाऱ्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं. त्यांनी तोडगाही सुबक काढला. तारेच्या गुंडाळ्या त्यांनी पंख्याच्याच वाऱ्यात उभ्या केल्या. पंखा जी हवा ढकलतो तीच रेझिस्टरला गार ठेवते. शिवाय एक थर्मल फ्यूज जोडला. ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापमान गेलं की तो एकदाच तुटतो आणि खालच्या तिन्ही पायऱ्या बंद करतो. म्हणजे आपण ज्याला बिघाड म्हणतो तो पुष्कळदा फ्यूजनं चोख बजावलेलं काम असतं. वारा कमी पडला, किंवा वीज जास्त वाहिली, एवढंच तो सांगत असतो. प्रश्न असा की वारा कमी का पडला आणि वीज जास्त का वाहिली?

पाला, पाणी, धूळ, उंदीर

उपनगरात या प्रश्नाची उत्तरं रस्त्याच्या कडेलाच मिळतात. पुढच्या काचेखाली, वायपरच्या मुळाशी प्लॅस्टिकची जाळी असते. पंखा बाहेरची हवा तिथूनच ओढतो. पावसाचं पाणीही तिथेच पडतं आणि दोन्ही टोकांच्या नळ्यांतून चाकांकडे खाली निघून जातं. आता ही गाडी गुलमोहराखाली, सोनमोहराखाली किंवा पर्जन्यवृक्षाखाली उभी असते असं धरा. मुलुंड, घाटकोपर, पार्ले, बोरिवलीच्या जुन्या सोसायट्यांत सावली म्हणजे हीच झाडं. गुलमोहराचं बारीक पान जाळीच्या कुठल्याही फटीतून आत जातं. सोनमोहराच्या पाकळ्या मे महिन्यात थरच्या थर साचतात. जूनमध्ये त्यांचा लगदा होऊन नळीचं तोंड बुजतं. सांताक्रूझला जून ते सप्टेंबरात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पाण्याला खाली वाट मिळाली नाही की ते पातळी गाठून पंख्याच्या तोंडातून आत उतरतं. तिथे त्याला आधी मोटर भेटते, मग रेझिस्टर, मग कपलर. वॉशिंग सेंटरवरचा पाण्याचा जोरदार फवारा त्याच जाळीवर धरला तर ऐन डिसेंबरातही हेच घडतं.

पाणी मोटरचा आस ज्यात फिरतो त्या बुशातलं तेल धुऊन नेतं. गंज धरलेला बुश आस जखडतो, आस जखडला की मोटर जास्त वीज ओढते, जास्त विजेनं तार जास्त तापते. शिवाय पंखा सावकाश फिरतो म्हणून वारा कमी. रेझिस्टरला दोन्हीकडून मार बसतो. वर्सोवा, मढ, गोराईच्या बाजूला खारा वारा आहे, भांडुप-मुलुंडच्या पूर्वेला खाडी आहे. त्या दमट हवेत कपलरच्या पितळी पिनांवर हिरवट बुरा चढतो आणि सांध्यातच उष्णता तयार होऊ लागते.

कोरड्या महिन्यांतला शत्रू वेगळा. वडाळा-घाटकोपर-मुलुंड मेट्रो ४ चं काम एलबीएस मार्गावर वर्षानुवर्षं चालू आहे, गल्ल्यांत रस्त्यांचं काँक्रिटीकरण चालू आहे. ती धूळ केबिन फिल्टरमध्ये बसते. वर्षभर न बदललेला फिल्टर बाहेर काढला तर राखाडी गोधडीसारखा निघतो. त्यातून वारा येत नाही, मग मालक पंख्याची पायरी वाढवतो. कितीतरी स्वस्त मॉडेलांत फिल्टरची खाच असते पण फिल्टर नसतोच. मग धूळ थेट पंख्याच्या पात्यांवर चढते, पंख्याचा तोल जातो, घरघर सुरू होते आणि बुश झिजतो.

आणि उंदीर. तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये चार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत शिरायला त्यांना हीच वाट सोयीची. फिल्टरवर कापूस, कागद, वेफर्सच्या पिशवीचे तुकडे आणून त्यांनी केलेलं घर मेकॅनिक चिमट्यानं बाहेर काढतो, तेव्हा गाडीचा मालक दोन पावलं मागे सरकतो. वायर कुरतडलेली असली तर तो आणखी वेगळा खर्च.

२६ जुलै २००५ च्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुर्ला, कलिना, साकीनाका भागांत पाणी गाड्यांच्या सीटपर्यंत आणि त्याहून वर चढलं. डॅशबोर्डखालचा पंख्याचा डबा त्या पातळीच्या आतच येतो. बुडालेल्या गाडीतला असा डबा वरून पुसून, वाळवून पुन्हा चालू होतोही, पण मोटरच्या आत गेलेला चिखल कुणी पुसत नाही. जुनी गाडी विकत घेताना फक्त चौथी पायरी चालते असं दिसलं, तर सौदा ठरवण्याआधी गालिचा उचलून खाली गाळाची रेघ आहे का, हे पाहावं.

निदान कसं करावं

चांगला एसीवाला आधी कान लावतो. चारही पायऱ्या एकेक करून फिरवतो. फक्त चौथी चालली तर रेझिस्टर, त्याचा थर्मल फ्यूज किंवा कपलर. खालच्या एक-दोन पायऱ्या गायब असतील तर एक गुंडाळी तुटलेली; मधलीच एक गायब असेल तर डॅशबोर्डवरच्या स्विचचा एक संपर्क जळालेला. एकही पायरी चालत नसेल तर रेझिस्टरकडे जायचंच नाही. फ्यूज, रिले, अर्थिंग आणि मोटर बघायची. अशा वेळी मोटरच्या तळाला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं टकटक केल्यावर पंखा दचकून फिरू लागला, तर मोटरला वीज पोचवणारे कार्बन झिजलेत. पंखा जोरात फिरतोय पण डॅशबोर्डच्या जाळीतून वारा येत नाही, तर फिल्टर चोक किंवा कूलिंग कॉइलवर बर्फ.

इथे एक महागडी गफलत होते. बहुतेक साध्या गाड्यांत पंखा बंद असेल तर एसीचं बटण दाबूनही कॉम्प्रेसर लागत नाही. थंड कॉइलवर वारा नसताना ती गोठू नये म्हणून केलेली ही सोय. पण गिऱ्हाइकाची तक्रार असते ‘कूलिंग नाही’, आणि कूलिंग नाही म्हटलं की सर्वांत सोपं उत्तर ‘गॅस भरून घ्या’. पंखा, फिल्टर, रेझिस्टर यांच्याकडे न बघता गॅसची नळी जोडणाऱ्या माणसाला हात जोडून उठावं.

आता प्रत्यक्ष काम. इग्निशन बंद. ग्लोव्ह बॉक्स खाली सोडला की फिल्टरचं झाकण दिसतं, त्याच्या आसपास किंवा खाली पंख्याच्या डब्यावर कपलर. तो ओढून काढताना वायरीला धरायचं नाही, कडी दाबून कपलरच धरायचा. कडी उष्णतेनं ठिसूळ झालेली असेल तर ती तुटल्याचा आवाज येतो, आणि तो आवाजच निम्मा पुरावा. पुढे कपलरचं तोंड उजेडाकडे धरायचं. चार-पाच पिनांपैकी एखाद्या पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालंय का, वितळून तोंड अरुंद झालंय का, हे बघायचं. मग दोन स्क्रू. रेझिस्टर बाहेर आला की वाऱ्यात असलेली बाजू पाहायची. तारेवर धूळ जळून काळी झालेली असेल तर वारा कमी होता. तार आणि पिना हिरव्या-पांढऱ्या पडल्या असतील तर पाणी आलं होतं. दोन्ही स्वच्छ असून फ्यूज तुटला असेल तर संशय मोटरवर.

मीटर लावायचा तर एक पथ्य. या गुंडाळ्यांचा रोध अर्धा-एक ओमच्या घरातला असतो आणि साध्या मल्टीमीटरच्या वायरींचाच रोध ०.२-०.३ ओम भरतो. म्हणून दोन टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा आधी वजा करावा. मात्र ही मोजणी रेझिस्टर मेला की जिवंत एवढंच सांगते. तो का मेला ते सांगायला पंखा चालू ठेवून दोन गोष्टी मोजाव्या लागतात. पहिली, कपलरच्या सांध्यात किती व्होल्ट गळतात. अर्धा व्होल्ट गळत असेल तर आठ अँपिअरला चार वॅट त्या इवल्या पिनेत जिरतायत. नवा रेझिस्टर त्याच कपलरवर बसवणं म्हणजे त्याला त्याच आगीत ढकलणं. अशा वेळी वायरीसकट नवा कपलर जोडायला हवा. दुसरी, डीसी क्लॅम्प मीटरनं मोटर किती अँपिअर ओढते ते. मोटर काढून हातानं फिरवली तर ती सैल, बिनआवाज फिरली पाहिजे. अडत असेल तर रेझिस्टर बदलून उपयोग नाही.

नवा रेझिस्टर डब्यात बसवण्याआधी, लोंबकळत ठेवूनच पंखा चालवून बघायचा मोह होतो. तो आवरावा. वाऱ्याबाहेर ती तार काही क्षणांत चटका बसण्याइतकी तापते आणि खाली गालिचा असतो. सगळं बसवल्यावर शेवटची परीक्षा फुकटची आहे. वायपरच्या जाळीवर तांब्याभर पाणी सावकाश ओतायचं आणि ते चाकामागून खाली गळतंय का बघायचं. गळलं नाही तर काम अपुरं आहे, बिल कितीही झालेलं असो.

डायरेक्ट

आपल्या गॅरेजांत सगळ्या विजेच्या दुखण्यांवर एक उतारा चालतो: डायरेक्ट करून टाकणे. थर्मल फ्यूज तुटलाय? त्याच्या दोन टोकांमध्ये तार टाकून डाख दिला की पंखा पुन्हा चारही पायऱ्यांवर. पाच मिनिटांचं काम, मालाचा खर्च शून्य. हे करणारा मेकॅनिक गिऱ्हाइकाचे पैसे वाचवल्याच्या समाधानात असतो. त्यानं नेमकं काय काढून टाकलं हे ब्रिटनमधल्या एका प्रकरणात जगानं पाहिलं.

व्हॉक्सहॉल झाफिरा ही तिथली कुटुंबवत्सल, सात आसनी गाडी. तिच्या ‘बी’ पिढीतल्या गाड्या डॅशबोर्डच्या बाजूनं पेट घेऊ लागल्याच्या तक्रारी २०१५ मध्ये वर्तमानपत्रांत गाजल्या. आगीचं मूळ होतं पंख्याचा रेझिस्टर, आणि तेही क्लायमेट कंट्रोल नसलेल्या, म्हणजे आपल्यासारख्या साध्या पायऱ्यांच्या गाड्यांत. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीनं २ लाख ३० हजारांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. कारण सांगितलं ते थर्मल फ्यूजच्या चुकीच्या दुरुस्तीचं. फ्यूज बदलले, पण दुरुस्त होऊन गेलेल्या गाड्यांनीही पेट घेतला. २०१६ मध्ये दुसऱ्यांदा गाड्या बोलावाव्या लागल्या. या वेळी मोटरही बदलायची होती आणि पाणी आत येऊ नये म्हणून बंदोबस्त करायचा होता. म्हणजे फ्यूज जोडणारा कुणी कारागीर दोषी असेलही, पण फ्यूज मुळात उडत होता तो पाण्यानं गंजलेल्या, जखडलेल्या मोटरमुळे. ब्रिटिश संसदेच्या वाहतूक समितीनं २०१७ च्या अहवालात कंपनीच्या दिरंगाईवर कडक ताशेरे ओढले आणि सगळं खापर अनधिकृत दुरुस्तीवर फोडण्याची वृत्तीही नापसंत केली. त्याच वर्षी अमेरिकेत बीएमडब्ल्यूनं २००६ ते २०११ च्या मॉडेलांमधल्या साडेसहा लाखांहून जास्त ३ सीरिज गाड्या पंख्याच्या वायरी आणि कपलर तापतात म्हणून परत मागवल्या.

पाण्याची वाट बुजणं, मोटर जखडणं, फ्यूज तुटणं आणि फ्यूज डायरेक्ट होणं, ही अख्खी साखळी आपल्या पावसाळ्यात घाटकोपरच्या कुठल्याही गल्लीत जुळून येऊ शकते. आपला मेकॅनिक लंडनच्या मेकॅनिकपेक्षा वेगळं काही करत नाही. फरक इतकाच की तिथे आगीची नोंद झाली, नोंदींची बेरीज झाली आणि बेरजेवर संसदेत प्रश्न विचारले गेले.

माल कुठून येतो

सुटा माल हवा असेल तर उपनगरवासीयाला दोन-तीन वाटा. कुर्ला-कलिन्याचा सीएसटी रोड, जिथे नवा, जुना आणि अपघाती गाड्यांतून काढलेला माल एकाच फळीवर मिळतो. दक्षिणेला ऑपेरा हाऊसचा स्पेअर पार्टचा बाजार. आणि कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर. जुन्या गाडीतून काढलेला रेझिस्टर घेऊ नये. त्यानं किती उष्णता सोसलीय हे बघून कळत नाही. स्वस्त नकली मालात तार बारीक असते आणि कधी कधी थर्मल फ्यूजच गायब असतो. डब्यावरचं नाव वाचण्याऐवजी तुकडा उलटा करून फ्यूज शोधावा.

अस्सल माल खुल्या बाजारात का सहज मिळत नाही, यावर देशात एक मोठा खटलाच झाला. गाडीचा एसीचा डबा गाडीची कंपनी स्वतः बनवतेच असं नाही. सुब्रोससारख्या, १९८५ मध्ये सुरू झालेल्या पुरवठादार कंपन्या तो बनवतात आणि गाडीवाले आपल्या नावाच्या खोक्यात घालून विकतात. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुरवठादारांना परस्पर बाजारात माल विकू न देणं, स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग आणि निदानाची साधनं न देणं, हा आयोगानं धरलेला दोष. त्यात टाटा आणि महिंद्रा होत्या तशा परदेशी कंपन्याही होत्या. अपिलं आणि न्यायालयीन वाद पुढे वर्षानुवर्षं चालले. ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ची चौकट आखायला समिती नेमली आणि त्या वर्षअखेर त्यासाठी पोर्टल उघडलं; त्यातही मोटारी धरल्या आहेत.

हा वाद पुढे आणखी तापणार, कारण तारेच्या गुंडाळ्यांचे दिवस सरत आलेत. ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांत पायऱ्या नाहीतच. तिथे ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल मोटरची वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून किंवा सलग कमी-जास्त करून वेग ठरवतं. त्याची किंमत काही हजारांत जाते. ते बिघडलं की लक्षणंही उलटी: पंखा बंदच होत नाही, किंवा किल्ली काढल्यावरही फिरत राहून रात्रीतून बॅटरी उतरवतो. आणखी नव्या गाड्यांत बिनकार्बनची मोटर आणि तिचं नियंत्रण एकाच कवचात असतं; एक गेलं की दोन्ही बदला. विजेवरच्या गाड्यांतही पंखा सहसा १२ व्होल्टचाच राहिलाय. आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून मध्यम व अवजड मालवाहू ट्रकांच्या नव्या केबिनला एसी सक्तीचा झाल्यानं पंख्यांची संख्या वाढतच जाणार आहे.

मॉड्यूल आलं तरी वाऱ्यानं गार होण्याची अट तीच आहे. तेही त्याच डब्यात, त्याच जाळीखाली बसतं. पाला तोच, धूळ तीच. म्हणून शिकवायचं काय हेही स्पष्ट आहे. आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या पोराला रेझिस्टर बदलता येतोच. त्याला क्लॅम्प मीटर लावून मोटरचे अँपिअर नोंदायची आणि त्या आकड्यावर निर्णय घ्यायची सवय लागली पाहिजे.

गाडीच्या मालकाचं काम त्याहून सोपं. मे अखेरीला वायपरची जाळी हातानं साफ करून घ्या, पाणी ओतून बघा. दसऱ्याला गाडीला हार घालता, तेव्हाच फिल्टर बदला. आणि ‘चौथ्यावरच चालतो’ असं सांगायची वेळ आलीच, तर जुना रेझिस्टर मागून घ्या आणि बिलावर भागाच्या नावापुढे एक ओळ लिहून मागा: जळण्याचं कारण. पाणी, फिल्टर, मोटर की कपलर, यांपैकी एक शब्द तिथे आलाच पाहिजे. जो मेकॅनिक तो शब्द लिहितो त्याला दहा मिनिटांची जास्तीची मजुरी खुशाल द्या. जो लिहीत नाही, त्याच्याकडे पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा जावं लागेल.